समोर माणूस लागतो

नरसिंग कंडक्टर जन्मात किती शब्द बोलला याची कुणी वही ठेवली असती, तर अख्ख्या जनवाड्यात त्याच्याइतकी जाड वही दुसऱ्या कुणाची निघाली नसती. गंमत एवढीच, की त्या वहीतलं बहुतेक बोलणं दुसऱ्यांच्या बोलीतलं निघालं असतं.

तेहेतीस वर्षं तो बीदर–भालकी–उदगीर गाडीवर होता. माणसानं पायरीवर पाय ठेवला की पटका, पिशवी आणि चप्पल बघून नरसिंगला कळायचं, ह्याला कुठल्या बोलीत तिकीट द्यायचं. एकाला कानडीत ‘यल्लिगे, अण्णा’, बीदरच्या चौबाऱ्याकडच्या म्हाताऱ्याला ‘कहाँ जाना, चाचा’, औरादकडच्या बाईला चार शब्द तेलुगू, आणि शर्ट खोचलेल्याला शाळेच्या पुस्तकातलं मराठी. ह्या भागात हे काही मोठं कसब नव्हे. कमीजास्त सगळेच तसं करतात. पाहुण्याला आपल्या बोलीत बोलायला लावणं इथं उद्धटपणाचं समजतात. नरसिंगनं फक्त त्या रीतीवर नोकरी काढली होती.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि त्याचा घसा बसला तो उठलाच नाही. आधी काढे झाले, मग बीदरचा डॉक्टर झाला, मग नळी घालून बघणं झालं. शेवटी हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यानं तारीख दिली. गाठ स्वरयंत्रावरच होती, तेच काढावं लागणार होतं. जीव राहील, आवाज जाईल, असा तो व्यवहार होता, आणि त्यात घासाघीस चालणार नव्हती.

तारखेला बारा दिवस उरले होते.

नरसिंगची मुलगी ज्योत्स्ना हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. ती रजा टाकून आली आणि येताना शर्टाला अडकवायचा एक चिमुकला माईक घेऊन आली.

‘‘अप्पा, तुम्ही थोडं थोडं करून तास-दोन तास बोला. मशीन तुमचा आवाज शिकतं. पुढं तुम्ही मोबाईलवर लिहायचं, आणि मोबाईल तुमच्या आवाजात बोलणार. नुसता आवाज नाही, बोलायची धाटणीसुद्धा उचलतं ते.’’

नरसिंगनं नाही म्हटलं नाही. यंत्रांशी त्याचं जुनं नातं होतं. गाडीवर तिकिटाचं यंत्र आलं तेव्हा ते आपली नोकरी खाणार म्हणून तो डेपोपुढं घोषणा द्यायला बसला होता, आणि सहा महिन्यांनी त्याच यंत्राला बायकोकडून, मंगलकडून, त्यानं लाल कापडाची झूल शिवून घेतली होती. माणसाचं यंत्राशी बहुतेक असंच जमतं. आधी मोर्चा, मग झूल.

आतल्या खोलीत पंखा बंद करून, टीव्ही बंद करून, कोंबड्या हाकलून चार संध्याकाळी काम चाललं. नरसिंग शर्टाचं वरचं बटण लावून ताठ बसायचा आणि सुरू व्हायचा, ‘‘नमस्कार. माझे नाव नरसिंग. मी जनवाडा येथील रहिवासी असून...’’

चौथ्या दिवशी ज्योत्स्नानं मोबाईलवर लिहिलं, ‘मंगल, पानी दे.’ मोबाईल बोलला. आवाज नरसिंगचाच होता, अगदी आतल्या घोगरेपणासकट. पण प्रत्येक शब्द इस्त्री करून घडी घातल्यासारखा, सरकारी सूचना द्यावी तसा.

मंगल दारात तुरीची डाळ निवडत होती. तिचा हात थांबला.

‘‘हा कोन सायब आलाय घरात?’’

‘‘आई, अप्पांचाच आवाज आहे तो.’’

‘‘आवाज त्यांचा हाय. मानूस कोन हाय ते मला ठावं न्हाई.’’ मंगलनं सूप उचललं आणि ती ओसरीवर जाऊन बसली. पुढं बराच वेळ खडे काढल्याचा आवाज आला नाही.

ज्योत्स्ना बापाकडं वळली. ‘‘अप्पा, असं नको. तुमचं तुम्ही बोला.’’

‘‘बोलायलावच की.’’

‘‘हे साहेबाशी बोलल्यासारखं झालं.’’

नरसिंगनं शर्टावरच्या माईककडं बोट केलं. ‘‘मग हे कोन हाय? सायबच की. कान हायेत, तोंड न्हाई. कोन्या गावचं, कोन्या घरचं, कायबी कळंना. समोर मानूस न्हाई तर कोन्या बोलीत बोलू मी?’’

प्रश्न वेडावाकडा वाटला तरी खोटा नव्हता. ज्योत्स्नानं मग समोर माणसं बसवून पाहिली. आधी स्वतः बसली. पण ती शाळेत गेली त्या दिवसापासून बाप तिच्याशी तिच्या पुस्तकासारखंच बोलत आला होता. इतकी वर्षं आपला बाप आपल्याशी धुतलेलं मराठी बोलला, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग शेजारच्या गल्लीतल्या वीरण्णा मास्तरला बोलावलं. दोघं दुसऱ्या मिनिटाला कानडीत शिरले ते बाहेरच आले नाहीत. राहिली मंगल. ज्योत्स्नानं एक दिवसभर मोजलं. नरसिंग बायकोशी एकोणीस वेळा बोलला, आणि त्यातले अकरा नुसते हुंकार होते.

‘‘दिवसभर लोकांशी बोलून आलेला मानूस घरी कशाला बोलंल,’’ मंगल म्हणाली. ‘‘आमचा संसार हूं-हूं वरच झाला. त्यांचं बोलनं ऐकायचं असंल तर अंकुशरावाच्या हाटेलात जा म्हनावं.’’

नरसिंगनं मान फिरवली. कारण डॉक्टरनं रोगाचं नाव घेतल्यापासून दोन महिने नरसिंग त्या हॉटेलाची पायरी चढला नव्हता.

अंकुशरावाचं हॉटेल म्हणजे गाडी थांबते तिथली पत्र्याची शेड, दोन बाकं आणि एक शेगडी. घरची जमीन भरपूर. चहा विकायची त्याला काही गरज नव्हती. जगात काय चाललंय ते बसल्या जागी कळावं आणि त्यावर शेवटचा शब्द आपला असावा, एवढ्यासाठी तो बापाचं हॉटेल चालवत होता. संध्याकाळी पेपर आणि मोबाईल घेऊन माणसं जमायची. बायकांना गाडी फुकट करणं बरोबर की चूक, मोठे लोक आठवड्याला सत्तर तास राबा म्हणतात ते स्वतः किती तास राबतात, एआय आल्यावर मास्तरकीचं काय होणार, सगळ्याचा निकाल तिथं लागायचा. अंकुशरावानं एक बाजू घेतली की नरसिंग दुसरी घ्यायचा. पस्तीस वर्षांत दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं कुणी ऐकलं नव्हतं. अंकुशराव तर नरसिंगचं वाक्यही पुरं होऊ देत नसे, अर्ध्यावर तोडायचा.

आणि अंकुशरावाला गावात सगळे ‘तुमी’ म्हणायचे, एकटा नरसिंग ‘तू’ म्हणायचा. त्यालाही कारण होतं. नरसिंगचा बाप त्या हॉटेलाबाहेर लिंबाखाली उभा राहून चहा प्यायचा, बाहेरच्या खिळ्याला टांगलेल्या कपातून. पिऊन झालं की स्वतःच धुवून कप परत टांगायचा आणि ‘येतो, मालक’ म्हणून निघायचा. घरात दीक्षा घेऊन तेव्हा कैक वर्षं झाली होती, पण खिळा काही भिंतीतून निघाला नव्हता. नरसिंगला कंडक्टरची नोकरी लागली त्या आठवड्यात तो खाकी वर्दी घालून सरळ आत गेला, बाकावर बसला आणि म्हणाला, ‘‘अंकुशराव, च्या दे.’’

तेव्हापासून सगळ्या जगाशी जगाच्या बोलीत बोलणारा हा माणूस अंकुशरावाशी मात्र कधी गोड बोलला नाही. त्याच्याशी तो आपल्या गल्लीतलं, आपल्या आईचं बोलायचा.

‘‘चला ना अप्पा हॉटेलात,’’ ज्योत्स्ना म्हणाली.

‘‘तो कीव करील माझी. बाकी सगळं सोशीन मी, त्याची कीव न्हाई.’’

‘‘मग साहेबाच्या आवाजात राहा.’’

ती रागानं बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. नरसिंग भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. दोन दिवस असेच गेले. तारखेला पाच दिवस उरले तेव्हा संध्याकाळी तो उठला, शर्टाचं वरचं बटण उघडंच ठेवलं, माईकवरून मफलर गुंडाळला आणि चपला शोधू लागला.

हॉटेलात वीरण्णा मास्तर होता. अंकुशरावानं दोघा बापलेकींना येताना पाहिलं आणि खांद्यावरच्या टॉवेलनं बाक पुसलं. पस्तीस वर्षांत त्यानं ते पहिल्यांदा पुसलं असावं.

‘‘या, या, नरसिंगराव. बसा. च्या पातळ करू का घट्ट?’’

नरसिंग बसला. अंकुशरावानं स्वतःच विषय काढला. ‘‘ते बायकांच्या फुकट गाडीचं तुमी म्हनायचात, ते बरोबर हाय बघा. बाया फिरायल्या, दवाखान्याला जायल्या. चांगलंच झालं.’’

‘‘हं,’’ नरसिंग म्हणाला. ‘‘होय. चांगलं आहे.’’

‘‘आनि ते सत्तर तासांचं बी तुमचंच खरं.’’

‘‘ठीक आहे.’’

ज्योत्स्ना दुसऱ्या बाकावरून मोबाईलकडं बघत होती. तिच्या लक्षात आलं, समोरचा साहेब झाल्याबरोबर बापही साहेब झाला होता. दोन भले गृहस्थ हवापाण्याचं बोलत होते. अशी आणखी एक संध्याकाळ गेली असती तर रेकॉर्डिंगला काही अर्थ उरला नसता.

अंकुशरावानं कप पुढं केला. ‘‘घ्या, नरसिंगराव. दमानं घ्या.’’

नरसिंगनं कप घेतला नाही. ‘‘तू मला कवापासून राव म्हनायलास?’’

‘‘तसं न्हाई... तुमची तब्येत...’’

‘‘गळा बिघडलाय माझा. मी न्हाई. मी मेलो तरी तू मला खोटं पाडायला तिरडीपाशी येशील, असं मला वाटायचं. आनि मी जिता असतानाच तू टॉवेल फिरवायलास माझ्याखाली.’’

‘‘बोलून तरास हुईल तुमाला म्हनून मी आपलं...’’

‘‘पाच दिवस ऱ्हायलेत माझ्या बोलन्याचे, अंकुशराव. ते तू साखरंत घालून वाया घालवायलास.’’

अंकुशरावानं किटली खाली ठेवली. तो थोडा वेळ नरसिंगच्या मफलरकडं, त्यातून डोकावणाऱ्या बारीक वायरकडं बघत राहिला. मग त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला.

‘‘बरं, मग ऐक कंडक्टर. तुला ह्या मशिनीचं येड लागलंय. तिकीट फाडायला मशीन, आता बोलायला बी मशीन. समदं मशिनीनं केल्यावर मानसानं काय करावं, माशा माराव्या?’’

‘‘तू बोलायलास हे? तुझ्या तुरीवर मागल्या साली ड्रोन कोन फिरवला? फवारनीच्या बाया घरी बसल्या, तवा तुला मानूस आठवला न्हाई.’’

‘‘बायांच्या नाकात इख जाऊ नये म्हनून आनला तो.’’

‘‘बायांच्या नाकाची काळजी तुला कवापासून?’’

वीरण्णा मास्तर हसला. अंकुशरावाला ते लागलं. ‘‘हसू नको मास्तर. आमच्या घरान्यानं पैल्यापासून समद्यांची...’’

‘‘घरानं मधी आनू नको.’’

‘‘आनतो. कामून आनू नये? तू वर्दी घालून हितं येऊन बसलास, तवा मी च्या दिला का न्हाई? आतल्या कपात दिला का न्हाई? बाप माझा त्या कोपऱ्यात बसलेला असताना दिला.’’

‘‘दिलास,’’ नरसिंग म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला, पण फाटला नाही. ‘‘आनि मी गेल्यावर तो कप कुठं ठिवलास?’’

शेगडीवरचं दूध वर येऊ लागलं.

‘‘गाडी वळन घ्यायली होती. मी दारात उभा होतो, घंटी माझ्या हातात. मला दिसलं. कप बाहेर, भिताडावर, खिळ्याच्या बाजूला. माझ्या बापाच्या कपाच्या बाजूला. पस्तीस वरसं रोज हितं च्या पिलाव मी, आनि रोज तुझ्याशी भांडलाव. गाडीवर भांडलाव, उसावर भांडलाव, दिल्लीवर भांडलाव. तेवढ्या एकावर भांडलाव न्हाई. म्हनलं, ते काढलं तर मग हितं यायला जागा ऱ्हानार न्हाई.’’

अंकुशराव नरसिंगचं वाक्य तोडण्यासाठी पुढं झुकलेला होता तसाच राहिला.

‘‘बघितलतास व्हय तू,’’ तो म्हणाला.

‘‘बघितलतो.’’

‘‘बापानं ठिवला. मी आत आनायला पायजे हुता. न्हाई आनला.’’ त्यानं उकळी आलेलं दूध खाली उतरवलं. ‘‘दुसऱ्या दिवशी बीदरला जाऊन समदे कप नवे आनले. खिळा बी उपटला. म्हनलं, मिटलं.’’

‘‘मिटलं न्हवतं.’’

‘‘न्हाई,’’ अंकुशराव म्हणाला. ‘‘मला बी ठावं हाय.’’

यापुढं दोघं त्यावर काही बोलले नाहीत. माफी वगैरे शब्द ह्या शेडीत कधी वापरात नव्हतेच. अंकुशरावानं चहा पुन्हा गरम केला, नरसिंग तो प्यायला, आणि वीरण्णा मास्तरनं पेपर उघडून पावसाळी पिकाच्या विम्याची बातमी मोठ्यानं वाचायला घेतली, कुणी न सांगता.

उरलेले दिवस नरसिंग दोन्ही वेळा हॉटेलात जायचा. अंकुशराव सकाळी लवकर उठून पेपर वाचून ठेवायचा, नरसिंग कशाला ‘हो’ म्हणेल याचा अंदाज घ्यायचा आणि तयार ‘नाही’ घेऊन बसायचा. एकदा तर गडबडीत त्यानं स्वतःच्याच कालच्या मताला खोटं पाडलं आणि त्यावरही भांडण रेटून नेलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं ज्योत्स्नाला विचारलं, ‘‘बाई, त्या मशिनीत माझं बी बोलनं गेलं असंल की.’’

‘‘काका, तुमचं कापून काढावं लागतं. मशीनला एकाचाच आवाज लागतो.’’

‘‘म्हंजे माझं समदं फेकून दिलंस?’’ त्याला खरंच वाईट वाटलं. ‘‘निम्मं तर मीच बोललाव.’’

‘‘निम्मं न्हाई,’’ नरसिंग म्हणाला, ‘‘तीन हिस्से.’’

त्या संध्याकाळी घरी वंदना झाली. शेवटची ओळ नेहमीप्रमाणं नरसिंगनं म्हटली. ज्योत्स्नानं विचारलं, हीसुद्धा रेकॉर्ड करून ठेवू का?

‘‘नको. ही मनात म्हनता येती. भांडन मनात करता येत न्हाई.’’

मग ज्योत्स्नानं दुसरं विचारलं. सगळ्यात स्वच्छ आवाज हॉटेलातल्या त्या पहिल्या दिवशीचा आला होता, कपाचं बोलणं झालं तिथला. मशीन बहुतेक सूर तिथूनच उचलणार. तो भाग ठेवायचा की काढायचा?

नरसिंगनं मफलरची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

‘‘असू दे. तेवढंच माझं हाय.’’

ऑपरेशन झालं. दीड महिना हैदराबादेत गेला. नरसिंग घरी आला तेव्हा गळ्याला भोक होतं, त्यावर मंगलनं शिवलेलं पांढरं फडकं होतं, आणि आतून नुसती हवा ये-जा करत होती. पहिले दोन दिवस त्यानं मोबाईलला हात लावला नाही. बोटानं, डोळ्यांनी भागवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी खाटेवर बसून, एकेक अक्षर शोधून त्यानं काहीतरी लिहिलं आणि दाबलं.

‘‘मंगल, पानी दे.’’

‘‘आनायले,’’ स्वयंपाकघरातून मंगल म्हणाली.

मग आत भांड्यांचा आवाज थांबला. ती तांब्या घेऊन बाहेर आली, खाटेवरच्या मोबाईलकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, तांब्या त्याच्या हातात दिला आणि तिथंच खाली बसली. नरसिंग पाणी पीत होता तोवर ती उठली नाही.

आठवड्यानं तो हॉटेलात गेला. बाक पुसलेलं नव्हतं. वीरण्णा मास्तरनं सरकून जागा दिली. अंकुशराव बातम्यांत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणं येत्या हंगामात अख्ख्या भालकी तालुक्यात ड्रोननंच फवारणी होणार होती आणि एकाही बाईचं काम जाणार नव्हतं, उलट बायाच ड्रोन चालवणार होत्या. बोलून झाल्यावर त्यानं नरसिंगकडं पाहिलं.

‘‘बोल, कंडक्टर.’’

नरसिंगनं मोबाईल काढला. बोट जाड, अक्षरं बारीक. एक शब्द झाला, चुकला, पुसला, परत झाला. किटली हातात धरून अंकुशराव उभा होता. शेडीबाहेर बीदरची गाडी आली, थांबली, माणसं उतरली, गाडी गेली. वीरण्णाला राहवेना, तो नरसिंगच्या खांद्यावरून वाकून बघू लागला.

‘‘हा म्हनायलाय की ड्रोन...’’

‘‘थांब मास्तर,’’ अंकुशराव म्हणाला. ‘‘त्याचं पुरं हू दे.’’

पस्तीस वर्षांत त्या माणसानं नरसिंगच्या किती वाक्यांचे तुकडे केले त्याची गणती नाही. हे एक त्यानं सबंध उभं राहून, किटलीच्या कडीला हात भाजत असताना, वाट पाहून ऐकलं. नरसिंगनं शेवटचं अक्षर लिहिलं आणि बोट टेकवलं.

‘‘अंकुशराव, च्या दे,’’ मोबाईल म्हणाला, त्याच घोगऱ्या, खालच्या, न फाटणाऱ्या आवाजात. ‘‘आनि तुझं ते ड्रोनचं समदं खोटं हाय.’’

अंकुशरावानं मांडणीवरचा कप उतरवला, विसळला, भरला आणि नरसिंगच्या पुढ्यात ठेवला. मग समोरच्या बाकावर बसला.

‘‘कसं खोटं?’’ तो म्हणाला. ‘‘लिही. हाय मी हितंच.’’